एसआरए ऑफिस की वस्तीतले काम? परवडणाऱ्या घरांत शिरू पाहणाऱ्या आर्किटेक्टसाठी

बी.आर्क. झाले, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळाला आणि कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांवरच काम करायचे ठरवले, की मुंबई-पुण्यात मुख्यतः दोन वाटा दिसतात. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या (एसआरए) योजना करणारे खासगी ऑफिस ही एक. वस्तीत जागच्या जागी घरे, शौचालये, गल्ल्या सुधारणारी संस्था किंवा तिच्यासोबतचे छोटे ऑफिस ही दुसरी. म्हाडा-महापालिकेची नोकरी जाहिरात निघाल्यावरची गोष्ट, ती इथे सोडून देतो.

एसआरएच्या ऑफिसात शिकायला भरपूर आहे, हे आधीच मान्य. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतले झोपडपट्टी पुनर्वसनाचे 33(10) कलम पाठ होते. झोपडीधारकांची 51 टक्के संमती, परिशिष्ट-2 म्हणजे झोपडीधारकांच्या यादीतले पात्र-अपात्र, मग एलओआय (योजनेचे इरादापत्र), आयओए (नकाशांची मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला) हा क्रम अंगवळणी पडतो. जमिनीचा दर आणि बांधकामाचा दर यांच्या गुणोत्तरावरून विकासकाला बाजारात विक्रीचे क्षेत्र किती मिळेल, हे ड्रॉइंग सुरू करण्याआधीच सांगता येऊ लागते. पगार वेळेवर होतो. पाच-सहा वर्षांनी स्वतःचे ऑफिस काढायचे असेल तर ओळखीही इथेच होतात. मात्र नवख्या माणसाचा वेळ क्षेत्रफळाच्या तक्त्यात आणि विक्रीच्या इमारतीत जातो. पुनर्वसनाची इमारत म्हणजे 27.88 चौ. मी. चटई क्षेत्राचे, म्हणजे 300 चौ. फुटांचे घर मधल्या कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना मांडत जायचे. हेक्टरी किमान इतकी घरे बसवायची अट आणि दोन इमारतींमधल्या अंतरात मिळणारी सूट एकत्र आली की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध अभ्यासातून पुढे आला आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने तो वाचलेला बरा.

तरी हे सगळे सहन करता येते. चांगली ऑफिसे डक्ट, म्हणजे इमारतीतली उजेड-वाऱ्याची उभी पोकळी, रुंद करतात, कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी ठेवतात. माझा कल ठरला तो सोडतीमुळे. घरांचे वाटप इमारत उभी राहिल्यावर सोडतीने होते. त्यामुळे कोणते घर कोणाचे, हे ड्रॉइंग करताना कोणालाच माहीत नसते. तीन माणसांचे कुटुंब आणि नऊ माणसांचे कुटुंब यांना तेच घर. शिलाई मशीनवाली, पापड लाटणारी, रात्रपाळीहून येऊन दुपारी झोपणारा, यांच्यासाठी वेगळा विचार करायला जागाच उरत नाही. एवढ्यावर भागत नाही. सोडत आहे म्हणून सगळी घरे सारखीच असावी लागतात. कोपऱ्यातल्या घराला दुसरी खिडकी दिली की सोसायटीच्या समितीत भांडण, ‘आम्हाला का नाही?’ म्हणजे एखादे घर जरा बरे केले तर ती तक्रार होते. सोडत न्याय्य आहे, वशिल्याला त्यातल्या त्यात तेच उत्तर आहे. पण आर्किटेक्टच्या हातात त्यातून फारसे काही उरत नाही. काहींना याचे काही वाटत नाही, आणि तेही चुकीचे नाही.

वस्तीतल्या कामात माणूस आधी असतो, घर नंतर. येरवड्यात बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली ‘स्पार्क’ ही संस्था, ‘महिला मिलन’ ही वस्तीतल्या बायकांची संघटना आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी केलेले काम या वाटेचा चांगला नमुना आहे. पक्की घरे तशीच ठेवली आणि कच्ची पाडून त्याच जागी, जुनी गल्ली न मोडता, सुमारे 270 चौ. फुटांची घरे बांधली. कुटुंबाचा वाटा 10 टक्के. पुण्याच्याच ‘शेल्टर असोसिएट्स’चा घरोघरी शौचालयाचा कार्यक्रमही पाहा. घरनिहाय नकाशा आधी, साहित्य संस्थेचे, बांधकाम कुटुंबाचे.

इथे अडचणी बारीक असतात आणि रोजच्या. दहा बाय पंधरा फुटांच्या जागेत नऊ इंची कॉलम चालून जाईल असे वाटते, पण भूकंपरोधक तपशिलाच्या आयएस 13920 च्या 2016 च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू 300 मि.मी. आहे. चार कोपऱ्यांत तेवढे गेले की कॉट बसत नाही. म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांचा एक गट करून सामाईक कॉलम घ्यावे लागतात, आणि त्यासाठी सगळ्यांच्या लेखी संमत्या. एक जण अडला की गट अडला. पाया खणताना शेजाऱ्याची भिंत जेमतेम फूटभर दगडी भरावावर उभी असल्याचे दिसते. सलग चर खणला तर ती खचते, म्हणून तुकड्या-तुकड्याने खणून लगेच भरायचे. चार फुटी गल्लीत 12 मीटरची सळई वळत नाही. ती गल्लीच्या तोंडाशीच कापावी लागते. कुठे कापायची हे ड्रॉइंगवर लिहिले नाही तर सगळे जोड एकाच पातळीवर येतात.

जोत्याची उंची गल्लीच्या फरशीवरून कधीही धरू नये. दर निवडणुकीआधी गल्लीवर नवा थर पडतो आणि दोन-तीन थरांत घर खड्ड्यात जाते. ड्रेनेज चेंबरच्या तळाची पातळी घ्या, तिथून 100 मि.मी.च्या पाइपाला 1:40 चा उतार देत घरापर्यंत या, मग जोते ठरवा. नाहीतर पावसाळ्यात मैला उलटा येतो.

पैशाचे गणित या वाटेचा खरा कमकुवत भाग. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात, पण हप्त्याने, बांधकामाच्या टप्प्याचा जिओटॅग केलेला (जागेची नोंद असलेला) फोटो चढल्यावर. पायाच्या कामात जास्त खर्च झाला की काम लिंटेलला, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या पातळीला अडकते. पाया वरच्या मजल्याचा भार धरूनच करायचा, म्हणून वरच्या मजल्याचा मोह तरी पहिल्याच टप्प्यात करायचा नाही. कॉलमच्या उघड्या सळया कच्च्या काँक्रीटने झाकून ठेवायच्या. आणि जागेचा कागद नसेल तर ही योजना लागूच होत नाही. नागपुरात मालकी पट्ट्यांसाठी घरनिहाय मोजणीचे काम झाले, तसे काम आले तर सोडू नका. टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र चालवता येणारा आर्किटेक्ट तिथे डिझायनरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पगार मात्र निधीवर हलतो. घरची जबाबदारी असेल तर पहिली दोन वर्षे एसआरए ऑफिसात काढून मग इकडे यावे, हा सल्ला मी बहुधा देईन. त्यापेक्षा जास्त थांबलेले परत फिरताना मी क्वचित पाहिले आहेत. संस्थेत रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा: चालू निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे, परवानगीच्या ड्रॉइंगवर सही कोणाची जाते, आणि घर पूर्ण झाल्यावर गळती निघाली तर वस्तीत कोण जाते. तिसऱ्याला ‘कंत्राटदार’ असे उत्तर आले तर आणखी एखाद-दुसरी संस्था पाहून मग ठरवा.