मृत्युपत्र की बक्षीसपत्र?
राहते घर मुलांच्या नावे करू पाहणाऱ्या ज्येष्ठांनी वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर होते, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्राची नोंदणी मात्र सक्तीची असून मालकी तत्काळ हातची जाते. महाराष्ट्रात मुलांना राहते घर देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये (स्थानिक अधिभार वेगळा) पडते, आणि या स्वस्ताईलाच अनेकजण भुलतात. सांभाळाची अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. ते एक वाक्य आठवणीने घालणे हे वकिलाचे खरे काम. तरीही घर एकच असेल, तर माझा कौल मृत्युपत्रालाच आहे.