जबरी चोरी की दरोडा? पोलिसांच्या ऑनलाइन एफआयआर सेवेचा अनुभव

आमच्या सोसायटीतील एका आजींची सोनसाखळी दुचाकीवरून आलेल्या दोघांनी ओढून नेली आणि संध्याकाळपर्यंत पार्किंगमधील चर्चेत त्या घटनेचा ‘दरोडा’ झाला. नोंद नेमकी कशाची झाली आहे हे पाहण्यासाठी मी राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरील, प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहण्याची सेवा वापरली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर यावा लागतो. शोधताना नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण हे दोन स्वतंत्र पोलीस घटक आहेत एवढे ध्यानात ठेवावे. सिन्नरचा गुन्हा शहराच्या यादीत सापडणार नाही.

कागद मिळणे सोपे आहे, तो उमगणे मात्र तितके सोपे नाही. कलमाच्या रकान्यात ‘भारतीय न्याय संहिता ३०९(४)’ एवढेच असते. ही जबरी चोरी, म्हणजे चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना इजा करणे, अडवून धरणे अथवा तत्काळ इजेची भीती घालणे, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची; हाच प्रकार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात मुंबई-आग्रा महामार्गासारख्या रस्त्यावर घडला, तर ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. नुसते झडप घालून हिसकावणे कलम ३०४ मध्ये येते आणि तिथे कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, त्यामुळे आजींच्या मानेला झालेली जखम फिर्यादीत आली आहे का, हे मी कलमाच्याही आधी पाहिले. दरोड्याला किमान पाच जण लागतात. आमचे दोघे त्यात बसत नाहीत. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांत जबरी चोरीचे कलम जुन्या भारतीय दंड विधानानुसार, म्हणजे भादंवि ३९२ म्हणून दिसते.

‘यातील फिर्यादी’, ‘अनोळखी इसम’, ‘बळजबरीने’ ही पोलिसी मराठी रुक्ष असली तरी नेमकी आहे, आणि मला ती पार्किंगमधल्या मराठीपेक्षा बरी वाटली. तरीही हे फिर्यादीचे म्हणणे आहे, निकाल नव्हे. तपासात कलमे वाढतात किंवा गळतात, आणि ते या पहिल्या कागदावर कळत नाही. पुढचे पाहायचे असल्यास गुन्हा रजिस्टर क्रमांक व वर्ष टिपून घ्यावे, कारण दोषारोपपत्र दाखल झाल्यावर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे निवडून त्याच क्रमांकाने खटला शोधता येतो.