एमजी टीए घ्यावी की पीबी?

दोन्ही दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन्ही अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्यातल्या, दोन्ही रिस्टोअर केलेल्या, त्यामुळे रंग-क्रोम बघून भुलू नकोस.

पीबीचं (१९३५-३६) इंजिन ९३९ सीसीचं, ओव्हरहेड कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा इंजिनच्या डोक्यावर), आवाज भन्नाट, पण कॅमची ड्राइव्ह उभ्या डायनॅमोतून (वीज बनवणाऱ्या यंत्रातून) जाते आणि वरचं सील गेलं की तेल थेट डायनॅमोत. ब्रेक केबलचे, सारखे अ‍ॅडजस्ट करत बसायचं. टीए (१९३६-३९) १२९२ सीसी, साधं पुशरॉड (कॅम खाली, व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी ढकलले जातात), ब्रेक हायड्रॉलिक, पाय ठेवायलाही जागा. क्लच मात्र तेलात चालणारा कॉर्कचा, तो जरा लाडावलेला. बॉडीचा सांगाडा दोन्हीत लाकडी, दरवाजे उचलून बघ, लटकले तर लाकूड गेलंय समजून जा.

खरी मेख मालकीच्या इतिहासात. पी टाइप (पीबी त्यातलीच) गाड्यांच्या बॉड्या उतरवून बऱ्याच जणांनी रेसिंग स्पेशल, म्हणजे शर्यतीसाठी बदललेल्या गाड्या, केल्यात, म्हणून तिथे जुनं ब्रिटिश लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक) हवंच, त्यात मालक ओळीने नोंदलेले असतात, चासी आणि इंजिन नंबर जुळवून बघ. टीएत कागद थोडे कमी असले तरी मी चालवून घेईन.

दर रविवारी बाहेर काढायची असेल तर टीए. गॅरेजमध्ये हात काळे करायची हौस आणि कागदांची फाइल जाडजूड मिळत असेल तर पीबी, पैसे जास्त गेले तरी.