आठ महिने एचडीआर काढल्यावर कायम झालेल्या सेटिंग्ज

एचडीआर म्हणजे एकाच दृश्याचे कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो (फ्रेम) काढून ते एकत्र जोडणं. सुरुवातीला मी प्रत्येक दृश्याच्या सात फ्रेम काढायचे, एकेका स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). जितक्या फ्रेम जास्त तितका तपशील जास्त, असं पक्कं डोक्यात होतं. आता बहुतेक वेळा दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीनच काढते आणि फोटो आधीपेक्षा स्वच्छ येतात.

हा बदल झाला स्पॉट मीटरिंगची, म्हणजे दृश्याच्या एका छोट्या भागापुरता उजेड मोजण्याची, सवय लागल्यावर. खिडकी असलेली खोली घ्या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवून अंधाऱ्या कोपऱ्यावर मीटर धरला तर शटर १/४ सेकंद येतो, खिडकीबाहेरच्या उजेडावर धरला तर १/१०००. म्हणजे आठ स्टॉपचा फरक. एवढा आकडा बघून मी पूर्वी फ्रेम वाढवत सुटायचे. पण मीटर ज्यावर धरू ते मधल्या करड्या रंगावर आणू पाहतो, आणि कोपरा करडा व्हायला नकोच आहे, तो कोपऱ्यासारखाच दिसायला हवा. मध्य १/६० धरला की फ्रेम होतात १/२५०, १/६० आणि १/१५. सगळ्यात गडद फ्रेममध्ये बाहेरचा उजेड मधल्या करड्यापेक्षा दोनच स्टॉप वर राहतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, तो आरामात सांभाळते. उजळ फ्रेममध्ये कोपरा दोन स्टॉप खाली राहतो, आणि तो तिथेच शोभतो.

चौकटीत सूर्य किंवा पेटलेला दिवा असेल तर मात्र पाच फ्रेम. तरीही मी आधी बघते ती गडद फ्रेमच. मावळतीला नुसत्या ब्राइटनेसच्या हिस्टोग्रामवर (गडद-उजळ भागांची वाटणी दाखवणाऱ्या आलेखावर) विसंबू नका, लाल चॅनल वेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसत असतानाही लाल उजव्या कडेला, म्हणजे कमाल मर्यादेला, जाऊन आपटलेला असतो, आणि तो तपशील नंतर परत येत नाही.

अ‍ॅपर्चर बदलायचं नाही, नाहीतर प्रत्येक फ्रेमची डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते) वेगळी होते. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ठरावीक. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करा: माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली, कॅमेऱ्याने शटरऐवजी आयएसओच वरखाली केला आणि उजळ फ्रेममध्ये नॉइज (दाणे) भरला. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद. ते चालू असलं की मोठ्या एक्स्पोजरनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आणखी एक काळी फ्रेम घेतो, तोवर ढग पुढे सरकलेले असतात.

वारा असेल आणि समोर झाडं असतील तर मी आता ब्रॅकेटिंग, म्हणजे अशा अनेक फ्रेम काढणं, करतच नाही. हलणाऱ्या पानांची भुतं (फ्रेम जोडताना उमटणाऱ्या पुसट दुहेरी प्रतिमा) काढायला सॉफ्टवेअर तो भाग एकाच फ्रेममधून उचलतं, आणि ती फ्रेम गडद असली तर नेमक्या तिथे दाणे दिसतात. त्यापेक्षा आकाश सांभाळून एकच रॉ काढते आणि सावल्या घरी येऊन उचलते.