सीमाभागातील होतकरू बातमीदारांना कोणता विज्ञानपट दाखवावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने किंवा वाचनालयाने बातमीदारीकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना एकच विज्ञानपट दाखवायचे ठरवले, तर माझ्या मते तीन चित्रपटांचा विचार करावा: व्हॅल गेस्ट यांचा ‘द डे द अर्थ कॉट फायर’ (१९६१), पीटर हायम्स यांचा ‘कॅप्रिकॉर्न वन’ (१९७८) आणि नील ब्लोमकँप यांचा ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ (२००९). तिन्हींमध्ये सत्तेकडून सत्य दडपले जाते. मात्र ते बाहेर कसे येते, आणि मुळात येते का, याची उत्तरे तिन्ही चित्रपट वेगवेगळी देतात. आपल्या मुलांच्या हाती कोणते उत्तर द्यायचे, यावर निवड ठरली पाहिजे.

‘कॅप्रिकॉर्न वन’ सर्वांत रंजक आहे. मंगळमोहिमेच्या यानात दोष आढळल्याने अंतराळवीरांना उड्डाणाच्या ऐन वेळी उतरवून घेतले जाते आणि मंगळावरचे पाऊल एका जुन्या तळावरच्या स्टुडिओत चित्रित होते. संदेश नको इतक्या जवळून येत आहेत हे एका तंत्रज्ञाच्या लक्षात येते, तो हे आपल्या पत्रकार मित्राला, कॉलफील्डला, सांगतो आणि नाहीसा होतो. कॉलफील्ड त्याच्या घरी जातो तेव्हा तिथे भलतीच बाई राहत असते. हा प्रसंग विलक्षण आहे. तरीही चंद्रावर माणूस गेलाच नव्हता असे संदेश गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत असताना या चित्रपटाने सुरुवात करणे मला धोक्याचे वाटते. येथे संशय हाच पुरावा ठरतो आणि पुढचे काम धाडस व योगायोग करतात. प्रत्यक्षात अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या परावर्तकांवरून लेझर किरण आजही परत येतात. अशी पडताळणी कशी करतात, हे या चित्रपटातून शिकता येत नाही.

‘डिस्ट्रिक्ट नाइन’चा विचार अधिक गंभीरपणे करावा लागतो, कारण तो आपल्या दुखण्याच्या फार जवळ जातो. जोहान्सबर्गवर येऊन थांबलेल्या यानातील परग्रहवासीयांना वस्तीत कोंडले आहे आणि आता त्यांना तिथूनही हुसकावायचे आहे. मुलाखती, वृत्तवाहिन्यांची दृश्ये, पाळतीवरचे कॅमेरे यांतून कथा उलगडते. दारोदार जाऊन स्थलांतराच्या कागदावर सही घेणारा, हे काम सोपवलेल्या कंपनीचा कर्मचारी विकस सुरुवातीला कॅमेऱ्याकडे पाहून हसत बोलतो, आणि तो कॅमेरा त्याच्याच कंपनीच्या बाजूने पाहत असतो. पुढे तोच विकस कंपनीच्या तावडीतून निसटतो तेव्हा त्याच्याविषयी एक किळसवाणी खोटी बातमी पेरली जाते आणि शहर ती खरी मानते. एखाद्या समूहाला आधी एक हिणकस नाव चिकटवायचे आणि मग त्याच नावाने बातमी लिहायची, ही प्रक्रिया इतकी नेमकी दाखवणारा दुसरा विज्ञानपट मला आठवत नाही. १ नोव्हेंबरला एकाच बेळगावात कर्नाटकाच्या राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी भाषकांची काळ्या दिनाची निषेध फेरी निघते. दुसऱ्या दिवशी मराठी आणि कन्नड मथळे शेजारी ठेवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पण या चित्रपटाच्या दोन अडचणी आहेत. त्यातील हिंसा आणि शिवीगाळ लहान वयाच्या प्रेक्षकांसमोर चालणार नाही. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. शिक्के मारण्याविरुद्ध बोलणारा हा चित्रपट त्यातील नायजेरियन माणसांवर स्वतःच शिक्का मारतो, आणि नायजेरियाच्या सरकारने त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. आधीच बातमीदारी करणाऱ्या प्रौढ गटाला तो अवश्य दाखवावा आणि या आक्षेपासह दाखवावा.

नवख्यांसाठी मात्र मी १९६१ चा कृष्णधवल चित्रपट निवडेन. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या एकाच वेळी झालेल्या अणुचाचण्यांमुळे पृथ्वीचे संतुलन बिघडते, उष्मा वाढत जातो, आणि ही गोष्ट लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’च्या कचेरीतून आपल्याला कळते. त्या दैनिकाचे माजी संपादक आर्थर ख्रिश्चनसेन यांनीच संपादकाची भूमिका केली असल्यामुळे फोन, घाई, छपाईची वेळ आणि सहकाऱ्यांची शेरेबाजी यांत खोटेपणा जाणवत नाही. स्टेनिंग हा दारूने आणि घटस्फोटाने खचलेला बातमीदार हवामान कार्यालयाकडे साधे आकडे मागतो आणि टोलवाटोलवी सुरू होते. सत्याचा शोध येथे पाठलागाने नव्हे, तर न मिळणाऱ्या आकड्यांनी सुरू होतो.

आपल्या भागात याचे मोल फार आहे. कोयना धरण वर, महाराष्ट्रात. अलमट्टी खाली, कर्नाटकात. आणि मधल्या कृष्णाकाठी आपल्या जिल्ह्यातील तालुके. २०१९ सारख्या महापुरात ‘वरून सोडले’ आणि ‘खाली अडवले’ ही दोन वाक्ये दोन बाजूंनी ठामपणे उच्चारली जातात. अलमट्टीची पूर्ण साठवण पातळी ५१९.६० मीटर आहे. पण गावात पाणी शिरले त्या तासाला पातळी किती होती, कोयनेतून किती क्युसेक सुटत होते आणि ते पाणी आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे दोन्ही राज्यांकडून मिळवून एका कागदावर मांडल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. त्यासाठी मराठी बातमीदाराला कन्नड पत्रक वाचता आलेच पाहिजे.

याच चित्रपटात एक अवघड नैतिक प्रश्नही आहे. हवामान कार्यालयात काम करणारी जेनी स्टेनिंगला विश्वासाने खरी गोष्ट सांगते, तो ती कचेरीत सांगून टाकतो आणि तिला ताब्यात घेतले जाते. बातमी खरी आहे, लोकांच्या जिवाशी निगडित आहे, आणि तरीही माहिती देणारी व्यक्ती उघडी पडली आहे. तालुक्याच्या कचेरीत एखादा आकडा कोणत्या टेबलावरून बाहेर गेला हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते, म्हणून लंडनपेक्षा आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार आहे.

या चित्रपटातील संवाद जलद आणि जुन्या लंडनी वळणाचे आहेत. मराठी माध्यमातील मुलांना उपशीर्षकांशिवाय ते झेपणार नाहीत, त्यामुळे तशी प्रत मिळवावी आणि सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगीही आधी घ्यावी. चित्रपट सुमारे शंभर मिनिटांचा असल्याने त्याच बैठकीत चर्चेला वेळ उरतो. शेवटी छपाईसाठी दोन पहिली पाने तयार असतात, एकावर जग वाचल्याची आणि दुसऱ्यावर जग बुडाल्याची बातमी. चर्चा तिथून सुरू न करता जेनीच्या प्रसंगापासून करावी, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लेखी विचारावा: स्टेनिंगच्या जागी तुम्ही असता, तर तिचे नाव न येता हीच बातमी दुसऱ्या कोणाकडून पक्की करून घेतली असती?