ऑसिमीनवाला गांजा : सात महिन्यांनंतर

डबी उघडली आणि थेट देवगड. मार्चमध्ये झेल्याने उतरवलेल्या हापूसच्या कैरीचं देठ मोडलं की चिकाबरोबर जो हिरवा, झणझणीत वास उसळतो, अगदी तोच. इथे कॅनडात, ओंटारियोत, नोव्हेंबरच्या थंडीत, मी ती डबी नाकाशी धरून कितीतरी वेळ नुसती बसले होते.

लेबलवर टर्पीनांची, म्हणजे गांजाला वास देणाऱ्या द्रव्यांची यादी होती; मर्सीन आणि कॅरिओफिलीननंतर तिसरं नाव होतं ऑसिमीन. टर्पीनांच्या गप्पांत याला कोणी फारसं विचारत नाही, कारण बहुतेक वाणांत ते असतं ते किंचितच. नाव तुळशीच्या शास्त्रीय नावावरून, ऑसिममवरून पडलं. आणि कैरी आठवली ती उगाच नाही. हापूसच्या कैरीच्या हिरव्या वासामागे ऑसिमीनच आहे, हे 1977 सालच्या एका संशोधनात दाखवलेलं आहे. ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. माझं नाक बरोबर होतं!

मी आठवड्यातून दोन संध्याकाळी घेते, व्हेपरायझरमधून (न जाळता गरम करून वाफ देणारं यंत्र), चिमूटभर. धूर मला सोसत नाही, शिवाय जाळलं की हा नाजूक वास आधी मरतो. तापमानावर बरेच दिवस घातले. अनेक तक्त्यांत ऑसिमीन 50 अंशांना उकळतं असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा कमी दाबाखालचा आहे. साध्या हवेत ते 175 अंशांच्या आसपास उकळतं. 175 वर पहिले तीन-चार झुरके म्हणजे कैरी, तुळशीची मंजिरी आणि मागे थोडा ओला पाला. 200 वर नेलं तर करपलेल्या लाह्या. घाई करू नका, एवढंच सांगेन.

आता परिणामाबद्दल. दुकानात मला सांगितलं होतं, ‘हे उत्साह देतं, अंग जड होत नाही.’ पहिले दोन महिने मलाही तसंच वाटलं. डोकं हलकं, गाणी ऐकावीशी वाटायची, सोफ्यावर लोळण नाही. वहीत तसं लिहूनही ठेवलंय. मग डिसेंबरअखेर सर्दी झाली. सर्दी उतरली, तरी नाक आठ-दहा दिवस चोंदलेलंच राहिलं, कसलाच वास येईना. तेव्हा नवऱ्याला म्हटलं, तू भर, मला सांगू नकोस. टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण सारखंच असलेली दोन पाकिटं, एक ऑसिमीनवालं, एक त्याशिवायचं. चार संध्याकाळी ओळखायचा प्रयत्न केला, दोनदा बरोबर आलं, दोनदा चुकलं. वास गेला तसा माझा ‘उत्साह’ही गेला.

चार वेळा करून काही सिद्ध होत नाही, हे कळतं मला. पण लिमोनीन या दुसऱ्या टर्पीनाचं तरी माणसांवर मोजमाप झालंय: 2024 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासात टीएचसीसोबत वाफेतून ते दिल्यावर लोकांना वाटणारी अस्वस्थता कमी झाली. ऑसिमीनच्या नावावर पाकिटांवर जे छापतात, त्यामागे असं काही मला सापडलं नाही. म्हणून मी ते वासासाठी घेते, आणि तेवढं मला पुरतं. त्या वासाने माहेर आठवतं, मन निवतं. तो गुण रेणूचा की आठवणीचा, दोन्ही चालतील.

त्रास म्हणाल तर तोंड कोरडं पडतं. एकदा घाईत जास्त घेतलं तर छातीत धडधड सुरू झाली, तासभर पाणी पीत पडून होते. वास कितीही फळाचा असला तरी टीएचसी तो टीएचसीच, त्या रात्री गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही.

माझी खरी तक्रार शिळ्या मालाची. ऑसिमीन उडूनही जातं आणि हवेने बिघडतंही. फेब्रुवारीत घेतलेलं पाकीट उघडलं तर सुकं गवत; तळाशी बघितलं तर पॅकिंगला अकरा महिने झालेले. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून आधी तारीख वाचते, मग टक्केवारी. तीन महिन्यांपेक्षा जुनं घेत नाही. काचेची लहान बरणी, घट्ट झाकण, अंधारं कपाट.

भारतातल्या मैत्रिणी विचारतात, येताना आणशील का? नाही. सीमेपार नेणं इथेही गुन्हा आणि तिकडे अंमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा. त्यांच्या दारात खरी कैरी आहे, देठ मोडून हुंगा म्हणते.

सध्या एक ग्रॅमचंच पाकीट आणते. तीन आठवड्यांत संपतं, आणि शेवटच्या चिमटीपर्यंत वास टिकतो.