वायटूकेची अमेरिकन सरकारी तयारी – ४ स्टार

९९ला मी न्यू जर्सीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, दिवसभर कोबॉल या कंप्युटर भाषेतल्या जुनाट प्रोग्रॅममधे दोन आकडी वर्ष शोधायचं नि चार आकडी करायचं, डोळे फुटायची वेळ. नाहीतर २००० साल लागताच कंप्युटर ००ला १९०० समजून गोंधळणार, हाच तो वायटूके. म्हणून सरकारी सर्व्हिसबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी ९८च्या फेब्रुवारीत या तयारीसाठी काउन्सिल नेमली, प्रमुख जॉन कोस्किनेन. त्यांचा टोल फ्री नंबर एकदम बेस्ट, बायको रोज विचारायची बँकेतले पैसे उडणार का, शेवटी म्हटलं तूच लाव फोन. शांतपणे माहिती मिळाली, उगाच घाबरवणं नाही. सल्ला काय तर तीन दिवसांचं खाणंपिणं भरून ठेवा, आमच्याकडे डाळतांदूळ दोन महिन्यांचे कायमच असतात त्यामुळे तयारी आपोआप झाली :)

फेडरल सरकारचा खर्च साडेआठ अब्ज डॉलरच्या आसपास. लोक म्हणतात काहीच झालं नाही, मग पैसे वाया. अरे बाबा, आम्ही काय झोपा काढत होतो का?

एक स्टार कापला कारण हेरगिरीच्या सॅटेलाइटची जमिनीवरची सिस्टिम ३१ डिसेंबरच्या रात्रीच बंद पडली आणि नेव्हल ऑब्झर्वेटरी, म्हणजे देशाचं घड्याळ सांभाळणारे, त्यांच्याच साइटवर वर्ष आलं १९१००. एकोणीसपुढे सरळ शंभर चिकटवले!